राहत्या घरात गिऱ्हाईक

भाड्याने दिलेला फ्लॅट विकायला काढला किंवा राहणाऱ्याची मुदत संपत आली म्हणून नवा भाडेकरू शोधायला घेतला, की घर दाखवावे लागते. घर मालकाचे असते, पण त्या घडीला त्यात संसार दुसऱ्याचा मांडलेला असतो. गिऱ्हाईक येते ते खोल्यांची मापे, पाण्याचा दाब आणि भिंतीची ओल पाहायला. पाहता पाहता त्याला उशाशी ठेवलेली औषधे दिसतात, देवघर दिसते, न आवरलेले अंथरूण दिसते. मालकाने आपले घर किती दाखवावे आणि भाडेकरूने आपले दार किती लावून घ्यावे, हा प्रश्न तिथे उभा राहतो. भारतात त्याचे उत्तर एका कलमात लिहिलेले नाही. ते तीन-चार कायदे, भाडेकरार आणि रीतभात यांत विखुरलेले आहे.

कोकणातल्या देवरूखसारख्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा वेगळ्या अंगाने येतो. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्यालय. तहसील कचेरी, एस.टी. आगार, बँका, शाळा, आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय इथे आहे आणि जवळच आंबव इथे राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, विद्यार्थी अशी भाड्याने राहणारी मंडळी गावात कायम असतात. मालक मात्र पुष्कळदा मुंबई-पुण्यात असतो. निवृत्तीनंतर गावी येऊन राहू म्हणून त्याने फ्लॅट घेतलेला असतो, किंवा वडिलांच्या जागेवर इमारत उठली तेव्हा वाट्याला आलेला असतो. घर दाखवायचे तर मालकालाही सवड हवी आणि घेणाऱ्यालाही. दोघेही चाकरमानी असले की ती सवड गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यातच मिळते. त्याच दिवसांत भाडेकरूच्या घरी पाहुणे आलेले असतात, नाहीतर तो स्वतः कुलूप लावून आपल्या गावी गेलेला असतो. कुलूप लागले की दुसरी किल्ली बाहेर निघते. या विषयातल्या बहुतेक कुरबुरींचे मूळ त्या दुसऱ्या किल्लीत आहे.

कायद्याच्या भाषेत मालकी आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घर भाड्याने देताना मालक मालकी स्वतःकडे ठेवतो आणि ताबा, म्हणजे ते घर वापरण्याचा आणि इतरांना त्याबाहेर ठेवण्याचा अधिकार, ठरलेल्या मुदतीपुरता दुसऱ्याला देतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले कलम १०८ यावर स्पष्ट बोलते. भाडेकरू भाडे वेळेवर देत असेल आणि कराराच्या अटी पाळत असेल, तर मुदत संपेपर्यंत त्याला व्यत्ययाविना जागेचा उपभोग घेऊ देण्याची हमी मालकाने दिली आहे असे हे कलम मानते. करारात तसे लिहिलेले नसले तरी, उलट काही ठरलेले नसेल तर, ही हमी आहेच. त्याच कलमात भाडेकरूवरही जबाबदारी टाकली आहे. जागेची अवस्था पाहण्यासाठी मालकाला किंवा त्याच्या माणसाला वाजवी वेळी आत येऊ देणे त्याला बंधनकारक आहे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या दोन वाक्यांमध्ये मालक-भाडेकरूंचे नाते तोललेले आहे.

महाराष्ट्रात मात्र आज घर देणारा शक्यतो ‘भाडेपट्टा’ करत नाही, तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतो. अकरा महिन्यांचा करार म्हणतात तो हाच. लायसन्स म्हणजे वापराची परवानगी. तिची व्याख्या १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यातल्या कलम ५२ मध्ये आहे, आणि परवानगी घेणाऱ्याचा त्या जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, असे ते कलम सांगते. ही वाट रुळण्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतके भक्कम संरक्षण दिले की एकदा आत आलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही, ही धास्ती मालकांच्या मनात बसली. परवानगीच्या करारात मुदत संपली की जागा परत मिळण्याची वाट सोपी असते, म्हणून तो करार सगळीकडे पसरला. मग ‘तू भाडेकरू नाहीस, लायसन्सी आहेस, तेव्हा मी कधीही येईन’ असे एखादा मालक म्हणू शकतो का? म्हणू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचे कलम २८ भाड्याने दिलेल्या आणि लायसन्सवर दिलेल्या, अशा दोन्ही जागांना एकच नियम लावते. मालकाला जागेची पाहणी करता येते, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन.

या कायद्याचा अंमल त्याच्या अनुसूचीत दिलेल्या किंवा अधिसूचनेने जोडलेल्या हद्दीत चालतो. त्यामुळे वाद वाढला तर आपले घर त्या हद्दीत येते का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे लागते. येत नसले तरी भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि लायसन्सला लिहिलेला करार आधाराला असतोच.

आता या कलमांतला नेमका शब्द पाहिला पाहिजे. १८८२ चा कायदा ‘अवस्था पाहणे’ म्हणतो, १९९९ चा कायदा ‘पाहणी’ म्हणतो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन नोंदणीत लिव्ह अँड लायसन्सचा जो छापील मसुदा वापरला जातो, त्यातही मालकाने स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत, योग्य सूचना देऊन, वाजवी अंतराने जागा पाहावी, असाच मजकूर असतो. छप्पर गळते का, नळजोडणी शाबूत आहे का, भिंतीला चीर गेली का, हे मालकाने पाहायचे. घर विकण्यासाठी आठ-दहा परक्या माणसांना घेऊन येणे याला पाहणी म्हणता येत नाही. ते दाखवणे झाले. पाहणीत घराची काळजी असते आणि ती भाडेकरूच्याही सोयीची असते. दाखवण्यात मालकाचा व्यवहार असतो आणि भाडेकरूच्या वाट्याला फक्त त्रास येतो. पाहणीच्या हक्कात दाखवण्याचा हक्क आपोआप येतो, असे कायद्याने कुठेही म्हटलेले नाही. म्हणूनच दाखवण्याबद्दल जे काही हवे ते करारात शब्दांनी लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिलेले नसेल तर मालकाला भाडेकरूची संमती मागावी लागते, आणि ती मागण्यात मालकाला कसलाही कमीपणा नाही.

दुसऱ्या किल्लीचेही तसेच. ती मालकाकडे असणे गैर नाही. पावसाळ्यात टाकी ओसंडली, शॉर्टसर्किट झाले, गॅसचा वास आला, तर शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली इमारत वाचवते. पण किल्ली हातात असणे आणि आत जाण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी एक नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ अतिक्रमणाची व्याख्या करते तेव्हा ‘दुसऱ्याच्या ताब्यातली’ मालमत्ता असे म्हणते, मालकीची म्हणत नाही. म्हणजे मालकही आपल्याच घरात अतिक्रमण करू शकतो. गुन्हा ठरायला मात्र हेतू लागतो. गुन्हा करण्याचा, किंवा ताबा असलेल्याला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा, त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राहत्या घरात तसे शिरल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. न विचारता घर दाखवणाऱ्या बहुतेक मालकांच्या मनात असा हेतू नसतो. त्यांना फक्त ‘आपलेच तर घर आहे’ असे वाटत असते. त्यामुळे असे प्रकार पोलीस ठाण्यापर्यंत क्वचित जातात आणि गेले तरी समजुतीवर मिटतात. पण भाडेकरूने स्पष्ट नकार कळवला असताना, तो गावाला गेल्याचे पाहून कुलूप उघडले, तर हेतूचा प्रश्न पूर्वीइतका सोपा राहत नाही.

घर दाखवताना नेमके काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोकणातल्या जुन्या घराला खासगीपणाच्या पायऱ्या होत्या. अंगण, मग ओटी किंवा पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागचे दार. परका माणूस ओटीवर टेकायचा, पाणी-गूळ तिथेच व्हायचे, माजघरात फक्त घरचे आणि घरोब्याचे जायचे. कुणी कुठवर यायचे हे घराच्या रचनेनेच ठरवून टाकलेले होते, दाराला कडी लावायची गरज पडत नव्हती. वन बीएचके फ्लॅटमध्ये ओटी नाही. दार उघडले की चार पावलांवर निजायची खोली. जुलैतल्या देवरूखच्या पावसात तर बाल्कनीत काही वाळत नाही, म्हणून हॉलमध्ये दोन खिडक्यांना दोरी बांधून घरातले सगळे कपडे, आतले-बाहेरचे, त्यावर टाकलेले असतात. चपला काढून गिऱ्हाईक आत येते ते त्या दोरीखालून वाकून. एजंट सवयीने कपाटाची दारे उघडतो, खोली किती आहे ते दाखवायला. कपाट भिंतीत बसवलेले, म्हणजे मालकाचे. आतल्या साड्या, कागदपत्रे, डबे भाडेकरूचे. न्हाणीघराचे दार उघडते, फ्लश ओढून पाहिला जातो. ओट्यावर कुकर चढलेला असतो. घरची बाई भिंतीला टेकून उभी असते आणि तिच्याच घरात तिला काय करावे सुचत नाही. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. अशी दहा मिनिटे मे महिन्यात पंधरा वेळा आली की घर घर राहत नाही, त्याचा नमुना होतो.

मोबाइल आल्यापासून या दहा मिनिटांना शेपूट फुटले आहे. मुंबईत बसलेल्या मालकाला किंवा घेणाऱ्याला पाठवायला म्हणून एजंट एका दमात सगळ्या घराचा व्हिडिओ काढतो. त्यात भिंतीवरचे फोटो येतात, मुलाचे दप्तर आणि त्यावरचे शाळेचे नाव येते, दाराच्या कड्या आणि खिडक्यांचे गज कसे आहेत तेही येते. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर एकदा गेला की किती गटांतून फिरेल, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्यक्ष येणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा तरी दिसतो, व्हिडिओ पाहणाऱ्याचा दिसत नाही. एकट्याने राहणारी परिचारिका किंवा चौघी मिळून खोली घेतलेल्या विद्यार्थिनी यांच्यासाठी हा धोका नुसता संकोचाचा नाही, सुरक्षिततेचा आहे. यावरचा उपाय स्वस्त आणि साधा आहे, आणि तरीही फार थोडे मालक तो करतात. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे असते तेव्हा त्याचे चांगले फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवायचे. रिकाम्या खोल्या मोठ्या दिसतात, भिंती स्वच्छ दिसतात आणि कुणाचाही संसार चव्हाट्यावर येत नाही. राहत्या घरात फोटो काढायचेच असतील तर भाडेकरूला विचारून, त्याने आवराआवर केल्यावर, आणि पाठवण्याआधी त्याला दाखवून काढावेत. कागदपत्रांनाही हीच काळजी लागू आहे. करारासाठी दिलेल्या आधारकार्डाची प्रत एजंटाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेले कार्ड काढता येते. जिथे चालत असेल तिथे तेच द्यावे.

मालकाची बाजूही खरी आहे आणि ती सोडून हा विषय पुरा होत नाही. कर्ज फेडायला, मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला म्हणून घर विकावे लागते. घेणारा न पाहता घेणार नाही, आणि घर रिकामे होईपर्यंत थांबायचे तर दोन-तीन महिन्यांचे भाडे बुडते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी तीन गिऱ्हाइके दाखवून परत जाणाऱ्या मालकाला भाडेकरूने दारच उघडले नाही, तर त्याची खेप फुकट जाते. काही भाडेकरू घर विकले जाऊ नये म्हणून मुद्दाम वेळ देत नाहीत, हेही खरे. त्यामागे भीती असते. भाडेपट्ट्याचे घर विकले तरी नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो आणि भाडेपट्टा चालू राहतो. लायसन्सचे तसे नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार, जागा विकत घेणारा नुसत्या खरेदीमुळे आधीच्या मालकाने दिलेल्या परवानगीला बांधला जात नाही. म्हणजे शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना बिऱ्हाड हलवावे लागेल ही लायसन्सीची धास्ती पोकळ नाही. मालकाने विक्रीचा विचार पहिल्यांदा भाडेकरूच्या कानावर घातला आणि मुदत संपेपर्यंत त्याला राहू देण्याची अट खरेदीदाराकडून लिहून घेतली, तर दार उघडायला तोच भाडेकरू पुढे येतो.

खासगीपणाच्या हक्काचा मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे. घराची चौकट हा त्या हक्काचा गाभा असल्याचेही त्या निकालात दिसते. त्याआधी १९६२ साली खरकसिंग खटल्यात न्यायालयाने खासगीपणाला स्वतंत्र हक्क मानले नव्हते, तरी पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन दार ठोठावण्याची पद्धत रद्द केली होती. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, घरमालकाविरुद्ध थेट नाही. तरी भाडेकरूचे घर हे त्याचे घर आहे, ही गोष्ट त्यातून पक्की होते. मालकीचा सातबारा किंवा इंडेक्स टू नावावर नसला, म्हणून माणसाचा खासगीपणा कमी होत नाही.

केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा तयार केला आणि २ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने तो राज्यांकडे पाठवायला मंजुरी दिली. त्यातले कलम १७ आपल्या कायद्यांपेक्षा बरेच स्पष्ट आहे. आत येण्याआधी किमान २४ तास लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यायची आणि तिच्यात कारण, दिवस, वेळ सांगायची. दुरुस्ती, जागेची पाहणी किंवा करारात नमूद केलेले अन्य वाजवी कारण एवढ्यासाठीच यायचे. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर यायचे नाही. आग, पूर, वादळ, भूकंप अशा प्रसंगी मात्र सूचनेची गरज नाही. हा मसुदा राज्यांनी स्वतःचा कायदा करून स्वीकारायचा असतो आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे कलम १७ इथे बंधनकारक नाही, पण करार लिहिणाऱ्याला त्याचा साचा वापरायला कुणाची आडकाठी नाही.

परदेशांत पाहणी आणि दाखवणे यांतला फरक कायद्यातच केलेला आढळतो. कॅलिफोर्नियात साधारणपणे २४ तासांची लेखी सूचना वाजवी मानतात. घर विक्रीला असल्याचे भाडेकरूला आधी लेखी कळवले असेल, तर पुढचे १२० दिवस प्रत्येक खेपेला फोनवर किंवा तोंडी २४ तास आधी सांगितलेले चालते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, जिथे बरीच मराठी कुटुंबे भाड्याने राहतात, भाडेकरूने किंवा मालकाने जागा सोडण्याची नोटीस दिल्यानंतर पुढच्या भाडेकरूला घर दाखवायचे असेल तर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात येता येते, मात्र आधी कळवण्याचा वाजवी प्रयत्न मालकाने करावा लागतो. नोटीस देण्याआधीचा काळ आणि नोटीस दिल्यानंतरचा काळ यांना निरनिराळे नियम लावण्याची ही कल्पना आपल्याकडेही उपयोगी आहे. अकरा महिन्यांतले पहिले नऊ महिने नव्या भाडेकरूला घर दाखवण्याचे काही कारण नसते. प्रश्न शेवटच्या दोन महिन्यांचाच असतो.

त्यामुळे करारात चार ओळी जास्त लिहिल्या तरी पुष्कळ होते. घर दाखवायचे ते मुदतीच्या शेवटच्या अमुक दिवसांतच. निदान एक दिवस आधी व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने कळवून, दोघांना सोयीच्या ठरावीक वेळेत, उदाहरणार्थ शनिवारी दुपारी चार ते सहा. सगळी गिऱ्हाइके त्या एकाच वेळेत बोलवायची, दिवसभर एकेक करून नाही. भाडेकरू किंवा त्याने सांगितलेले माणूस घरात असतानाच दार उघडायचे. फोटो आणि व्हिडिओ त्याच्या होकारानेच. घरात परीक्षेला बसलेले मूल, बाळंतीण, आजारी माणूस असेल किंवा सुतक असेल, तर त्या दिवशी नाही. दुसरी किल्ली कुणाकडे आहे आणि ती कशासाठी वापरायची, हेही लिहावे. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात जादा अटी घालण्याची सोय असते, पण नोंदणी करून देणारा एजंट छापील अटींवरच सही घेऊन मोकळा होतो. अंगठा उमटवण्याआधी दोन्ही पक्षांनी ते पान वाचायला मागावे.

विद्यार्थ्यांच्या खोल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मालक त्याच घरात राहतो आणि कॉट बेसिसवर मुले ठेवतो, तेव्हा खोलीचा पूर्ण ताबा बहुधा मालकाकडेच राहतो आणि त्याचे येणे-जाणे गृहीत असते. तिथेही मुलींच्या खोलीत टकटक केल्याशिवाय जाणे कुठल्याही करारात बसत नाही, आणि खोलीत किंवा न्हाणीघराजवळ लपवलेला कॅमेरा हा तर सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये त्याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची कैद आहे.

सांगूनही त्रास थांबत नसेल तर पहिली पायरी लेखी निरोपाची. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण न विचारता आले, हे मालकाला शांत शब्दांत लिहून पाठवायचे आणि घर दाखवायला आपण कोणत्या वेळा देऊ शकतो तेही त्यातच सांगायचे. नुसता नकार न्यायालयात कमकुवत पडतो, पर्यायी वेळ दिलेली असली की भाडेकरूचा वाजवीपणा कागदावर दिसतो. पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि त्याही पुढे दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम. घर दाखवू देत नाही म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ तशा अडवणुकीला मनाई करते. या प्रत्येक पायरीवर पहिला कागद विचारला जातो तो कराराचा. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदलेला करारच नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. न विचारता गिऱ्हाईक आणायचे नाही असे ठरले होते, हे म्हणणेही त्यात आले.